शेकरू बघायचं तर बाबांचा आवाज कुठे ठेवायचा?

रिटायर झाल्यावर बाबा म्हणाले, "आता शेकरू बघायचं." म्हणाले म्हणजे ओरडले. अंबरनाथ एमआयडीसीत, पत्रे ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. त्या धडधडाटात कान अर्धे झाले, आवाज दुप्पट. कॅलेंडरवर कधीतरी पाहिलेली ती मोठी खार जिवंत बघायची, एवढीच त्यांची हौस. म्हटलं, चला भीमाशंकरला.

तुम्ही पावसात जाणार असाल तर बदलापूरहून कर्जत, कशेळेमार्गे खांडस गाठा. शेवटी शेवटी खड्ड्यांतून रस्ता शोधावा लागतो. तिथून वर चढायला शिडी घाट पावसात नकोच. गणेश घाट लांबचा, पण बरा. आमचे वाटाडे काळूदादा यांच्या अंगणात तंबू लावला. माणशी तीनशेत जागा, पिठलं आणि तांदळाची गरम भाकरी. रात्रभर तंबूवर पाऊस ताशा वाजवत होता.

सकाळी चढलो. वरच्या जंगलात शिरलो आणि मी बघतच राहिले. झाडांचे शेंडे ढगात, बुंध्यांवर हिरवं शेवाळ, पाऊस थांबला तरी पानांतून पाणी गळतंय. एवढ्यात वरून "चक-चक" आलं.

"कुठंय?" बाबा गरजले. फांदी हलली, संपलं. थोडं पुढे पुन्हा तेच.

काळूदादांनी हात जोडले. "बाबा, जरा बारीक बोला ना. जनावर पळतंय."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "तुम्ही दोघं व्हा पुढं. मी बसतो इथं. माझ्यापायी तुमचंही राहील."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "प्रेस चालू असताना कसं बोलायचात?"

"हातानं."

"मग हातानंच बोला."

त्यांनी आम्हाला तिथेच शिकवलं. मूठ म्हणजे थांब. तळवा खाली म्हणजे हळू. बोट वर करून गोल फिरवलं की क्रेन वर घे, म्हणजे आमच्यासाठी वर बघ. काळूदादा तर लगेच तयार झाले. तिघं मुक्यानं चालू लागलो.

बऱ्याच वेळानं बाबांनीच मूठ वर केली. मग बोट फिरलं.

उंबराच्या फांदीवर शेकरू! मांजराएवढं, तांबूस, पोट सायीच्या रंगाचं, शेपूट अंगाहून लांब. दोन्ही हातांत फळ धरून निवांत खात होतं. खाऊन झालं आणि त्यानं समोरच्या झाडावर सरळ उडी घेतली. मधे केवढी तरी मोकळी जागा. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घरी आईनं दार उघडलं. "दिसलं का?"

बाबा सुरू झाले. खालच्या काकू धावत वर आल्या, "काय झालं, भांडण लागलं की काय?" बाबांनी त्यांना बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून, आणखी जोरात सांगायला घेतलं. आई माझ्याकडे बघू लागली, कारण एरवी त्यांना "हळू" म्हणणारी मीच.

मी चहा टाकायला आत गेले. तिथेही सगळं ऐकू येत होतं, आणि मला एकही शब्द चुकवायचा नव्हता.