साळुंकीचं कुलूप

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकांना गाडी एकदा लॉक करून चैन पडत नाही. जिना चढून घरी आले की ते गॅलरीतून पुन्हा बटण दाबतात आणि खाली पार्किंगमध्ये गाडी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी 'पीप-पीप' करते. परवा सकाळी तर तो आवाज थांबेचना. चहा तसाच टाकून मी तणतणत खाली गेलो. काका हातात किल्ली घेऊन आधीच तिथे उभे होते.

"अहो काका, पुरे की आता!"

"मी कुठे काय करतोय?" ते कुजबुजले आणि त्यांनी वर बोट दाखवलं.

गाडीवर झुकलेल्या बदामाच्या फांदीवर एक साळुंकी बसली होती. तिने गळा फुगवला आणि हुबेहूब तोच आवाज काढला. दोन पीप, आणि मधला थांबाही अगदी तेवढाच. वर्षभर मी ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो हिने जीव लावून ऐकला होता, बहुधा गाणं समजून.

काकांनी हळूच बटण दाबलं. गाडी वाजली. साळुंकीने मान तिरकी करून ऐकलं आणि उत्तर दिलं.

"काका," मी म्हणालो, "पुन्हा दाबा ना."