आज कुणी मरणार नाही

मळमड्डीच्या देवळात एक पुराणिक संध्याकाळी महाकाव्य सांगायचे. मी रोज पुढेच बसायचो, तरी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. योद्धा पडला की ते लांब श्वास ओढत, तो हळूहळू सोडत आणि म्हणत, "संपला हा! श्वास तोच जीव, बाकी नुसतं चिलखत."

एकदा एका सेनापतीला मारताना त्यांचाच श्वास अडकला. दमा होता त्यांना. डोळे पांढरे झाले, मान लवंडली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. एक अक्का ओरडल्या, "अय्यो, खरंच चालले की ते!" तेव्हा मी धावलो, छाती चोळली. खूप वेळानं श्वास परतला.

दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी. आमचे आशाळभूत चेहरे न्याहाळत त्यांनी पोथीची बरीच पानं उलटली.

"आज कुणी मरणार नाही," ते म्हणाले. "आज लग्न लावतो."