स्वतःचे शब्द कुठल्या गाईडमध्ये मिळतील?

फर्स्ट इयरला निबंध-प्रोजेक्ट कसं लिहायचं ते शिकवते मी, गिरगावातल्या कॉलेजात. दरवर्षी नवीन पोरं येतात आणि माझ्याकडे किस्से साठत जातात. स्टाफरूममध्ये सगळे कुरकुरतात, "पोरांना काही लिहिताच येत नाही!" मी म्हणते, बरंय की! येत असतं तर मला कोणी विचारलं असतं?

तन्वीचंच घ्या. बारावीला धो धो मार्क्स. मी म्हटलं, "उत्तर स्वतःच्या शब्दांत लिही." बिचारी घाबरली.

"मॅडम, स्वतःचे शब्द कुठल्या गाईडमध्ये मिळतील?"

हसू आलं. पण एवढी वर्षं तिला स्वतःचं काही कोणी विचारलंच नव्हतं ना!

मग आमचा लालबागचा प्रथमेश. सांगितलं होतं, ज्यांची पुस्तकं वापरलीस त्यांची नावं शेवटी दे. पठ्ठ्याने नावं थेट कव्हरवर टाकली, फोटोंसकट, वर हेडिंग 'शुभेच्छुक'! मधोमध सगळ्यात मोठा फोटो स्वतःचा, गॉगल लावून.

"अरे, हे काय?"

"मॅडम, मंडळाचे बॅनर मीच बनवतो. ज्यांनी मदत केली त्यांचे फोटो नको?"

उपकार लक्षात ठेवणारा पोरगा आहे, बाकीचं शिकवता येतं.

परळचा ओंकार कच्चा मसुदा दाखवायलाच तयार नाही. का रे? तर म्हणे, "आई म्हणता, कच्चा कोणाक वाढूचा नाय." दुसऱ्या दिवशी मसुदा आणला, सोबत आईने दिलेला घावण्यांचा डबा. मसुदा कच्चाच होता. घावणे फर्स्ट क्लास!

खरं सांगू? या पोरांचे माझ्यावर उपकार आहेत. नाहीतर पेपर तपासता तपासता मी कधीच आंबून गेले असते.

आणि भाविका. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. फर्स्ट इयर निघालं नाही तर टोपली घेऊन बाजारात बसायचं, असं आजीने घरात जाहीर केलेलं. आई म्हणायची, पोरगी शिकणारच. रोज त्यावरून भांडण.

भाविकाने प्रोजेक्टला विषय घेतला, सुक्या मासळीचा धंदा टिकेल का. पहिल्या मसुद्यात पानभर आईचंच म्हणणं, टिकणार नाही. मी म्हटलं, "अगं, विरुद्ध मतही लागतं." पुढच्या आठवड्यात आजीचं म्हणणं घेऊन आली, टिकणारच! लिहिलंही इतकं झकास की मीच दोनदा वाचलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले. प्रोजेक्ट चाळून म्हणाले, "फर्स्ट इयरची मुलगी असं लिहीत नाही. कोणाकडून लिहून घेतलंस? ही दोन मतं तरी खरी कशावरून?"

इथे अडली तर पोरीचं वर्ष गेलं, कॉलेजही गेलं.

भाविका शांतपणे उठली आणि तिने दाराकडे बोट दाखवलं.

"दोघी बाहेर उभ्या आहेत सर. फक्त एकत्र नका बोलावू!"