त्यांचा नंबर मीच म्हणायची

आमच्या क्लबचा एकच कडक नियम होता आणि तो मी चार वर्षं मोडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला बिचारी म्हणणार नाही.

क्लब म्हणजे काय, तर रविवारी डोंगर चालणारी वीस-पंचवीस माणसं. कधी पन्हाळ्याच्या बाजूला, कधी जोतिबाच्या मागच्या अंगानं, पाऊस ओसरला की राधानगरीकडं. दोन शिक्षक, एक दाताचे डॉक्टर, काही दुकानदार, दवाखान्यातल्या नर्स, आणि मी ब्लाऊज शिवणारी. दिवसभर मशीनवर बसून माझे गुडघे धरायला लागले होते. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला क्लबात आणलं, कारण क्लबचे लीडर त्यांच्याच फौंड्रीत साहेब होते. साहेबांनी चला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

नियम असा. सकाळी गाडीतून उतरलं की प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. प्रत्येक थांब्यावरून निघताना आणि ओढा ओलांडल्यावर साहेब मोठ्यानं "एक" म्हणायचे आणि मग ओळीनं ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. शेवटचा आकडा आला की रांग हलायची. डोकी मोजायची भानगड नाही, कारण हलत्या माणसांची डोकी दरवेळी वेगळीच भरतात. "पण दुसऱ्याचा नंबर कुणी म्हणायचा नाही," साहेब बजावायचे. "नवऱ्याचा नाही, पोराचा नाही. ज्याचं तोंड त्यानं उघडायचं."

मी कायम अकरा, मालक बारा. आणि मी दरवेळी म्हणायची, "अकरा, बारा."

कारण मालकांना ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं फौंड्रीच्या आवाजात गेलेली. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची रिंग, मग मी. घरात मी समोर उभी राहून, ओठ नीट हलवून बोलायची. बाहेर कुणाला पत्ता नव्हता, कारण मालक मुळातच कमी बोलायचे आणि चारचौघं हसले की हसायचे. सांगलीला जाऊन, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दवाखान्यात, कानाचं मशीन घेतलं होतं. ते कपाटात पडून होतं. लावलं तर दिसणार ना.

आणि दिसून चालणार नव्हतं, कारण मालक क्रेनवर होते. भट्टीतून वितळलेलं लोखंड भरलेलं भांडं उचलायचं आणि माणसांच्या डोक्यावरून साच्यापर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. मी एकदा बोलून बघितलं. म्हणाले, "क्रेनचं सगळं काम खुणांवर चालतंय. खालचा हात करतोय, वरचा बघतोय. त्याला कान कशाला लागत्यात? रिटायर व्हायला तीन वर्षं राहिल्यात माझी. कुणापाशी बोलायचं न्हाय." मला पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं.

क्लबच्या पहिल्याच फेरीला अकरानंतर सगळं गप्प. मालक आभाळ बघत उभे. "बारा कोण हाय? झोपलासा काय?" मागनं कुणीतरी ओरडलं आणि सगळी हसली. मालकांचा चेहरा इतका उतरला की पुढच्या थांब्यावर मीच उरकून टाकलं. लोकांनी चेष्टा केली, वहिनींनी संसार एकटीनं ओढायचं ठरवलंय म्हणून. साहेब एकदोनदा रागावले, मग त्यांनीही सोडून दिलं. हळूहळू "अकरा, बारा" हा एकच नंबर झाला.

आता त्या रविवारचं. सप्टेंबर होता, सड्यावरची फुलं बघायला आम्ही राधानगरीच्या वरच्या रानात गेलो होतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचा माळ. एकवीस जण होतो, शिवाय पुढं वाट दाखवायला तिथल्याच धनगरवाड्यावरचे एक मामा. वर पोचलो तेव्हा ऊन होतं. भाकरी आणि खर्डा खायला बसलो आणि अर्ध्या तासात धुकं आलं. धुकं मी खूप बघितलंय, पण हे असं होतं की हातातली भाकरी दिसायची आणि पलीकडच्या बाईचं तोंड नाही.

मालकांनी मला करंगळी दाखवली आणि झुडपामागं गेले. मी मान हलवली आणि डबा आवरायला लागले. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, "एक." घाई होती, मामा म्हणत होते की धुकं दाटायच्या आत पलीकडच्या ओढ्यापाशी उतरूया. दोन, तीन, चार. "दहा" झालं आणि माझ्या तोंडातून सवयीनं बाहेर पडलं, "अकरा, बारा." सगळ्यात मागं चालायची जबाबदारी असलेले, बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "एकवीस." रांग हलली.

मी मागं बघितलं, नाही असं नाही. माझ्या मागं निळा रेनकोट होता. क्लबचे सगळेच रेनकोट निळे. मालक आले असं समजून मी चालायला लागले. पाऊणएक तास मी त्या रेनकोटाच्या पुढं निवांत चालले, गुडघ्याचा विचार करत. मग त्या रेनकोटानं मला विचारलं, "ताई, पाणी आहे का?" तो बाईचा आवाज होता. नर्स होती ती.

मी तिला बाटली दिली. मी मागची माणसं एकेक बघितली, रांगेच्या कडेनं पुढं जाऊन पुढची बघितली. लोक म्हणाले, वहिनी आज जोरात आहेत. मालक कुठंच नव्हते.

त्याच क्षणी बोंब मारायला हवी होती. मी मारली नाही. ओढा आला, एकेक जण ओलांडून उभा राहिला, साहेब "एक" म्हणाले. दहा झालं आणि मी, सगळं माहीत असताना, पुन्हा म्हटलं, "अकरा, बारा."

का म्हटलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. मालकांचं गुपित फुटेल म्हणून, असं सांगितलं तर बरं दिसेल. पण तसं नव्हतं. मी साहेबांना भ्यायले. सगळ्यांसमोर मला विचारतील, मघाशी बारा कोण म्हणालं, याला भ्यायले. मला वाटलं, येतील मागून. काकांनी "एकवीस" म्हटलेलं मला लांबून आल्यासारखं वाटलं.

मग मामांनी खाली वाकून ओल्या चिखलात बघितलं. गव्यांचे खूर होते, बशीएवढे, आणि शेजारी शेण, त्यातून अजून वाफ निघत होती. "आत्ता वर गेल्यात," मामा म्हणाले. "कळप हाय. आपण आलो त्याच अंगाला."

"बारा न्हाईत," मी म्हणाले. मला ऐकू आलं ते माझं बोलणं नव्हतंच, कुणीतरी चिरक्या आवाजात बोलत होतं. "मालक न्हाईत. जेवलो तिथंच राहिल्यात. मीच म्हटलं त्यांचं. दोन्ही वेळंला मीच."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस पक्का, त्यांनी लगेच शिट्टी काढली. क्लबात प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असायची. तीन लांब शिट्ट्या मारायच्या, हरवलेल्यानं तीन मारून उत्तर द्यायचं. सगळ्यांनी मिळून शिट्ट्या मारल्या. धुक्यातून काहीही आलं नाही. पुन्हा मारल्या. "घाबरू नका वहिनी," साहेब म्हणाले, "पठारावर आवाज लांब जातो. ऐकतील आणि शिट्टीच्या रोखानं येतील. मारत राहा रे."

वीस माणसं जीव तोडून शिट्ट्या मारत होती आणि त्यांतली एकही मालकांपर्यंत पोचणार नाही, हे फक्त मला माहीत होतं. मी खालीच बसले. बसूनच साहेबांची पँट धरली.

"साहेब, त्यांना ऐकू येत नाही."

"इतक्या लांबून कदाचित नसेल येत..."

"ऐकूच येत नाही. दोन्ही कानांनी. सहा वर्षं झाली."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मला क्रेन दिसली. त्यांनी क्रेनचं नाव काढलं नाही, पण मला दिसली.

मामा मात्र एकदम कडाडले. "शिट्ट्या बंद करा आधी. त्यास्नी ऐकू येत न्हाय, पर जनावराला येतंय. तुम्ही इकडनं वाजवाय लागलासा तर कळप त्यांच्याच अंगावर जाईल. आणि मागनं गवा फुरफुरला तरी त्या माणसाला कळायचं न्हाय."

शिट्ट्या थांबल्या.

मामा, साहेब, काका आणि मी परत वर निघालो. मला येऊ नका म्हणाले होते, मी ऐकलं नाही. एकमेकांच्या काठीचं टोक धरून, न बोलता चाललो. धुक्यात प्रत्येक झुडूप काळं आणि मोठं दिसायचं. एकदा एक काळं हललं आणि मामांनी हात वर केला. आम्ही चौघं तिथंच खिळलो. डाव्या हाताला, बारा-पंधरा पावलांवर काहीतरी जड श्वास घेत होतं. मी मनात देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि मला एकही आठवेना. मला फक्त दिसत होतं की मालक पाठ करून बसलेत आणि त्यांच्या मागं ते उभं आहे, आणि मी ओरडतेय आणि त्याचा काही उपयोग नाही. बऱ्याच वेळानं ते पाय आपटत खाली उतरून गेलं. काकांनी तोंडावरचा घाम पुसला.

पुढं गेलो आणि आवाज आला. बसलेला, घोगरा, थांबून थांबून येणारा.

"बारा." मग जरा वेळ काही नाही. मग पुन्हा, "बारा."

जेवलो होतो त्याच कातळावर मालक बसले होते. हरवलेल्यानं जागा सोडायची नाही हा नियम त्यांनी पाळला होता. आम्हाला पाठ होती. आमचं येणं त्यांना कळलंच नाही. मी पुढं होऊन समोर उभी राहिले, तेव्हा दचकून मागं सरकले. मग माझा हात धरला आणि सोडेनात. त्यांचा हात बर्फासारखा झाला होता.

मला वाटलं होतं, मी रडेन. मला रागच आला. "शिट्टी का न्हाय वाजवली?" मी त्यांच्या तोंडासमोर विचारलं.

"वाजवली की. लई वाजवली," ते म्हणाले. "वाजतीया का न्हाय, हे मला कुठं कळतंय. शिट्टीतला वाटाणाच निघून पडलाय का काय म्हणून शेवटी तोंडानं वराडत बसलो."

गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. गाव जवळ आलं, कळंब्यापाशी पोचल्यावर मालकांनी मला खुणेनं विचारलं, सांगितलंस का? मी मान हलवली. ते खिडकीकडं वळले. गाडीतून उतरताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, मी दोन दिवस काही बोलत नाही. त्यांना स्वतःला येऊन बोलू दे." मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी जन्मभर बोलणार नाही, आणि नोकरीही गेली.

सोमवारी सकाळी मालकांनी कपाटातून मशीन काढलं, कानाला लावलं आणि कामावर गेले. संध्याकाळी आले ते स्टोअरमध्ये बदली घेऊन. तिथं नट-बोल्ट मोजून द्यायचे. पगार थोडा कमी. मी म्हटलं, साहेबांनी दोन दिवस दिले होते, एवढी घाई का केली? मशीन लावून एक पाळी क्रेनवर बसून बघायचं, मग सांगायचं.

त्यांनी जेवता जेवता सांगितलं. मशीन लावल्यामुळं त्यांना स्वतःचा आवाज मोठा वाटत होता, म्हणून हळू बोलत होते. "तिथं बसलोतो तवा हात फुडं केला तर बोटं दिसंनात. म्हटलं, आता कोण खुणा करत असंल तरी आपल्याला दिसायच्या न्हाईत आणि हाका मारत असंल तरी कळायच्या न्हाईत. मग मला भट्टीचा धूर आठवला. लोखंडाचा रस वततानाचा. त्यात बी खालचा हात दिसत न्हाय कधी कधी."

"तेव्हा काय करायचा?"

"थांबायचो. अंदाजानं." त्यांनी भाकरी मोडली, खाल्ली नाही. "खाली सात-आठ माणसं असत्यात."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. सहा वर्षांत कधी काही झालं होतं का?

"एकदा होणार होतं," ते म्हणाले. "भांडं डोक्यावर आल्यालं, एक पोरगं खालनं वराडत होतं म्हणं. मागनं दुसऱ्यानं त्याला वढून काढलं. मला वर कायच कळलं न्हाय. सुट्टी झाल्यावर सगळी माझ्याकडं बघाय लागली, तवा समजलं. मी हसलो."

ते कधी झालं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या दिवशी सकाळी डबा भरून त्यांना कामावर कुणी पाठवलं, ते आठवलं असतं. मी त्यांच्या ताटात आमटी वाढली. ते पोरगं कुणाचं, हे मला नंतर कळलं; लग्नाचं आहे आता, बाजारात दिसतं कधी कधी. मला ओळखत नाही. ते समोरून आलं की मी रस्ता ओलांडून पलीकडं जाते.