वायरमनचं जहाज

नामदेवभाऊ कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. चहाचा पेला असो, फाटकाची कडी असो की तापलेल्या लेकराचं कपाळ, आधी बोटांची पाठ टेकवायची आणि मगच हात सुलटा करायचा. सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली, तिथली ही सवय. कोणी विचारलं की सांगायचे, "सुलट्या हातानं करंट धरला तं मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटका खाते, पण मोकळा होते." निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मोताळ्यात आमच्या गल्लीत फ्यूज गेला की पहिली हाक त्यांनाच जायची. मेन स्विच बंद आहे असं सगळ्यांनी सांगितलं तरी ते स्वतः टेस्टर लावून पाहायचे. "बंद लाईन बी चालू हाय असं समजूनच काम करा लागते, ताई." हे वाक्य ते विजेपेक्षा माणसांबद्दलच जास्त वापरायचे.

त्यांच्या भिंतीला लागून माझं घर आणि पुढच्या खोलीत माझं जनरल स्टोअर्स. फुगे, टोप्या, मेणबत्त्या मी विकते, म्हणून गल्लीतले वाढदिवस माझ्या दुकानातच ठरतात. भाऊंची बायको फार आधी गेली होती. एकुलती मुलगी संगीता पुण्याला दिली होती. ती तापाने गेली तेव्हा तिची ओवी अंगावर पीत होती. जावयाची कंपनीतली पाळ्यांची नोकरी, त्यामुळे लेकरू आजोबांकडे आलं आणि इथेच राहिलं. दोन वायरींना पीळ द्यावा तशा घट्ट वेण्या भाऊ तिला घालायचे. मी एकदा म्हटलं की भाऊ, पोरीचे डोळे ताणले जातात. तर म्हणाले, "जोड ढिला राहिला तं ठिणगी पडते." पण दुसऱ्या दिवशी वेणी जरा सैल होती.

जावई वाईट माणूस नव्हता. त्याने दुसरं लग्न केलं, बाई समजूतदार मिळाली, आणि दिवाळीनंतर त्याने फोन केला की जानेवारीत ओवीला पाच वर्षं पूर्ण होतील, वाढदिवस झाला की तिला घेऊन जातो, पुढे शाळेचं पाहावं लागेल. भाऊ फोनवर फक्त "हाव, बरोबर हाय" म्हणत राहिले. मग दुकानात येऊन काउंटरवर उलटा हात टेकवून उभे राहिले.

"ओवी पुण्याले चालली, ताई. रडत नाही गेली पाहिजे."

लेकरू आहे, दोन दिवस रडेल, मग विसरेल, असं मी म्हटलं. मला तेच खरं वाटत होतं. संगीताची पाठवणी मला आठवत होती. मांडवातून निघताना तिने बापाच्या गळ्याला मिठी मारली होती आणि वऱ्हाडाची गाडी खोळंबली होती.

"तिची बोटं म्या माह्या हातानं सोडवली होती," भाऊ म्हणाले. "एक एक. आता पुन्हा नाही होत माह्याच्यानं."

ओवीला वाढदिवस समुद्री डाकूंचा हवा होता. मोबाईलवर तिने कुठलं तरी कार्टून पाहिलं होतं. जहाज, खोपडीचा झेंडा, एका डोळ्यावर काळी पट्टी, पुरलेला खजिना. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण भाऊंना त्यात वाट दिसली. डाकू खजिना शोधतात आणि तो घेऊन निघून जातात. म्हणजे खजिना जावयाच्या गाडीच्या डिकीत ठेवायचा, ओवीने तो शोधायचा, बाकीच्या पोरांनी आरोळ्या ठोकायच्या आणि कॅप्टन म्हणून तिने गाडीत बसून निघायचं. मी म्हटलं, ही लेकराची फसवणूक आहे. ते म्हणाले, "तिले धाडलं असं वाटू नये. थे आपल्या मनानं चालली पाहिजे." मी जुन्या छत्रीच्या कापडातून पट्ट्या कापायला घेतल्या.

थंडी त्या वर्षी कडक होती. संध्याकाळी लहान पोरं बाहेर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून दुपारच्या आधी, उन्हात कार्यक्रम ठेवला. शेजारच्या शेतकऱ्याचा बैलांचा छकडा कापसाच्या फेऱ्यांमधून एका दिवसापुरता मागून आणला, जू दगडावर टेकवलं, मधोमध बांबू रोवला आणि त्याला चादर बांधली. खोपडी काही कोणाला काढता येईना. मी काढली ती भोपळ्यासारखी दिसली. भाऊ घरात गेले आणि पेटीतून एक गंजकी पाटी घेऊन आले. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला असते तीच, लाल खोपडी, दोन हाडं आणि खाली ‘धोका’. बांबूला पाटी लागली आणि छकड्याचं खरोखर जहाज झालं.

ओवाळताना डोळा झाकलेला नको म्हणून एका काकूंनी ओवीची पट्टी काढायला लावली, मग पुन्हा बांधली. स्वेटर, कानटोप्या आणि कानटोप्यांवरून घसरून नाकावर आलेल्या पट्ट्या अशी गल्लीतली पोरं गोळा झाली. आणि छकड्यापासून लांब थांबली. कोणी पुढे येईना. एक पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

चूक आमचीच होती. दर पावसाळ्याआधी अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन भाऊच या पोरांना शिकवायचे की खोपडी दिसली की हात लावायचा नाही, लांब व्हायचं. पोरांनी ते नीट शिकून घेतलं होतं. सगळ्यात नीट ओवीने.

"आबा, त्याले करंट हाय," ती माझ्यामागून म्हणाली.

मोठी माणसं हसली. भाऊ हसले नाहीत. ते छकड्यावर चढले, सगळ्यांना दिसेल असा पाटीला उलटा हात लावला. मग हात सुलटा केला, पूर्ण पंजा खोपडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"पाहा," ते म्हणाले. "लाईन बंद हाय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर छकडा मोडतो की काय इतकी पोरं वर चढली. तलवारी म्हणून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या होत्या, कोणाचा तरी गाल खरचटला, पण रडायला कोणाला वेळ नव्हता. ओवीने डिकीतला स्टीलचा डबा शोधला. त्यात माझ्या दुकानातली सोनेरी कागदातली चॉकलेटं, बोरं, तिळाच्या वड्या आणि तळाशी संगीताचे लहानपणीचे चांदीचे पैंजण. जावई गाडीचं दार उघडून उभा होता. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

ओवी गाडीत बसली नाही. डबा छातीशी धरून म्हणाली, "डाकू खजिना संग नाही नेत, आबा. गाडून ठेवतेत. मंग वापस येऊन काढतेत."

भाऊ माझ्याकडे पाहायला लागले. त्यांनी सब्बल आणली आणि तिने दाखवलेल्या जागी, परसातल्या जांबाच्या झाडाखाली, खड्डा केला. डबा पुरून झाल्यावर तिने पायाने माती दाबली आणि बापाला विचारलं, "वापस कवा यायचं?"

"उन्हाळ्यात," तो म्हणाला. त्या वेळी तो खरंच बोलत होता असं मला वाटतं.

ती डोळ्यावरच्या पट्टीसकट गाडीत बसली आणि काचेतून हात हलवत गेली. धूळ बसेपर्यंत भाऊ रस्त्यात उभे होते. "रडली नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, नाही रडली. "मंग झालं."

उन्हाळ्यात तिचा कसला तरी क्लास होता. दिवाळीत ते नव्या आजोळी गेले. भाऊंनी तक्रार केली नाही. त्या जागेभोवती त्यांनी विटा लावल्या, झाडाला पाणी देताना मला तिकडे पाय ठेवू द्यायचे नाहीत, आणि व्हिडिओ कॉल आला की मोबाईल जमिनीकडे धरून तिला विटा दाखवायचे. पुन्हा थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बुलढाण्याला नेताना वाटेतच गेले.

तेरवीला जावई ओवीला घेऊन आला. ती उंच झाली होती, केस कापलेले होते, आणि ‘मले’ऐवजी ‘मला’ म्हणत होती. जेवणं आटोपली. घराचं पुढे पाहू म्हणून जावयाने किल्ली माझ्याकडे दिली. चांदी जमिनीत आहे, घर बंद राहणार, हे माझ्या डोक्यात होतं. मी सब्बल घेतली, ओवीला परसात नेलं आणि म्हटलं, चल, तुझा खजिना काढून घे.

ती विटांपाशी उभी राहिली. पुढे बाप गाडीत पिशव्या ठेवत होता, तिकडे तिने एकदा पाहिलं.

"नको, मावशी," ती हळूच म्हणाली. "हे काढलं तर पपा मला परत कशाला आणतील?"

मी सब्बल भिंतीला टेकवली. एक वीट सरकली होती, ती तिने पायाने जागेवर ढकलली आणि गाडीकडे निघाली.