काकांचा एक तास

बोटात डीव्हीडी अडकवून काका दारात उभे राहिले की मी समजायचो, हीही चालली नाही. बेल ते कधी वाजवत नसत. जाळीच्या दारावर चकतीनेच टकटक करत आणि म्हणत, "काय रे कलाकार, परत नापास!"

मुलुंड पूर्वेला आम्ही भिंतीला भिंत लावून राहायचो. मी लग्नांचं शूटिंग करतो, एडिटिंग घरीच. काका मूळचे कुडाळकडचे, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. काकूंना पॅरालिसिस होऊन उजवी बाजू गेली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. मुलगी मस्कतला. ती नातीचे व्हिडिओ पाठवायची, पण काकूंना मोबाइल धरता येत नसे. टीव्हीकडे मात्र त्या बघत बसत. टीव्ही जुना आणि त्याखालचा डीव्हीडी प्लेअर त्याहून जुना. "नवीन टीव्ही घ्या ना," मी एकदा सुचवलं. काका म्हणाले, "हा टीव्ही तिला ओळखतो रे."

आता डीव्हीडी कोण मागतं, तुम्हीच सांगा. लग्नवालेसुद्धा लिंक पाठव म्हणतात. काकांनी दिलेले नातीचे व्हिडिओ मी मोबाइलच्याच फॉरमॅटमध्ये जसेच्या तसे चकतीवर टाकून दिले. माझ्या कॉम्प्युटरवर ते झकास चालले. त्यांच्या प्लेअरने चकती आत घेतली आणि लगेच बाहेर काढली.

मग रीतसर डीव्हीडीचा फॉरमॅट निवडला. चित्र आलं, पण व्हिडिओ उभे आणि टीव्ही आडवा. मधोमध चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना काळोख. "पोर काय दाराच्या फटीतून बघते?" पडदा भरेल असं मोठं करून दिलं, तर नातीचं कपाळ गेलं आणि हनुवटीही. "मेल्या, डोकंच उडवलंस की तिचं!" शेवटी काळोख थोडा ठेवला, कपाळ थोडं कापलं, आणि त्यावर आमची तडजोड झाली.

खरं सांगतो, मला कंटाळा आला होता. एवढ्या खटपटीत माझं एक अख्खं लग्न एडिट झालं असतं. वैतागून म्हणालो, "काका, तुम्हीच शेजारी बसून मोबाइलवर दाखवा ना त्यांना."

ते खुर्चीत बसले. नेहमीसारखे हसले नाहीत.

"शेजारीच बसतोय रे. उठल्यापासून. मी नजरेआड झालो की ती ओरडते, संडासला गेलो तरी. नातीला बघताना ओरडत नाही. माका एक तास व्हयो. बस, तेवढाच."

त्यानंतर मला कंटाळा आला नाही असं नाही, पण मी तो बोलून दाखवला नाही.

पुढची चकती मन लावून केली. आमच्या धंद्यात डीव्हीडीला सुरुवातीला गणपती लागतो, झेंडूचं तोरण लागतं, सनई लागते आणि खाली 'सुरू करा'चं बटण. हाताच्या सवयीने मी इथेही ते लावलं. काका चकती घालून औषधं आणायला गेले. बटण दाबायला घरात कोण होतं? ते परतले तेव्हा सनई वाजतच होती.

"सगळा वेळ गणपतीच बघत बसली," ते मला सांगत होते. "डावा हात कपाळाला लावून. ओरडली नाही हां!" आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

मी गणपती काढला, बटणही काढलं. चकती आत गेली की नात सुरू, संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून.

ती चालली. दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "आज्जी, हे बघ, माझा दात पडला!" आणि पाठोपाठ काका माझ्या दारात. "कट्ट्यावर जाऊन येतो जरा," म्हणाले. गेले कुठेच नाहीत. माझ्या खुर्चीत टेकले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. मग रोजच दुपारी तसं होऊ लागलं. गिऱ्हाईक आलं की मी हळू बोला म्हणायचो. एकदा एका नवरीच्या आईने विचारलं, "वडील का तुमचे?" मी हो म्हणून टाकलं.

काकू गेल्या त्या झोपेतच गेल्या. दिवसकार्य उरकलं आणि मुलीने काकांना मस्कतला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दुपारी ते आले, खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि उघडले.

"आता काय, दिवसभर मोकळाच आहे," ते म्हणाले. "पण झोप येणा नाय रे."

मी चहा केला. तो त्यांनी अर्धाच घेतला. भिंतीपलीकडे काहीही वाजत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी कामात डोकं घातलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे असेल ना रे ती? लाव जरा."

मी कॉम्प्युटरवरची मूळ फाइल लावली, ती काही आपोआप पुन्हा सुरू होत नाही. पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही. नातीची बडबड सुरू झाली तशी त्यांची मान हळूहळू छातीवर आली. हातातलं लग्न मी बाजूला ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत, संपत आली की पुन्हा पहिल्यापासून लावत राहिलो.