विकतचा कोसरू

'कोसरू' हा शब्द मराठीच आहे, असं मला लग्न होईपर्यंत वाटत होतं. भाजीवाली किलोभर वांगी मोजून देते आणि वर एखादं वांगं, नाहीतर कढीपत्त्याची काडी फुकट टाकते ना, तो कोसरू. माझी आई पिशवी पुढे करून "अक्का, स्वल्प कोसरू हाकी", थोडा कोसरू घाला, असं म्हटल्याशिवाय बाजारातून हलायची नाही. लग्नानंतर पुण्याच्या नणंदेकडे जेवताना जिलबी मोजून दोन वाढली, तेव्हा मी लाडानं म्हटलं, "आणि कोसरू?" ती आत गेली आणि काकडीची कोशिंबीर घेऊन आली. चार पिढ्या बेंगळुरूत काढलेल्या माणसांचं मराठी असंच, अर्धं कानडी असायचं. मी गुमान कोशिंबीर खाल्ली.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका व्हिडिओ गेमचं. हसू नका. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात खरेदी बघते. बेअरिंग, नटबोल्ट, कटिंग ऑइल असल्या वस्तूंचे भाव पाडून घेण्यात माझी हयात गेली. समोरचा माणूस 'स्पेशल' म्हणाला की माझे कान टवकारतात, कारण त्या शब्दाखाली नेहमीचाच माल असतो. अशा बाईनं एका गेमची डिलक्स आवृत्ती घ्यावी की नाही यावर आठवडाभर डोकं खाजवलं, हे आमच्या ऑफिसात कळलं तेव्हा चहाच्या वेळेला दुसरा विषय नव्हता.

गेमची सवय लावली ती माझ्या लेकीनं. तिला नोकरी लागली सर्जापूर रोडला, आणि आम्ही राहतो राजाजीनगरात. रोज जाणं-येणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं, म्हणून तिनं तिकडेच मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला. एकाच शहरात राहून आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो. रविवारी मी डबे घेऊन बस बदलत जायचे, पोचून दोन घास खाईपर्यंत परतीचं ट्रॅफिक डोळ्यांपुढे यायला लागायचं. एकदा ती घरी आली ती गेमचं जुनं यंत्र काखोटीला मारूनच. टीव्हीला जोडलं, हातात तो बटणांचा ठोकळा दिला आणि म्हणाली, "आई, आता तू इथून खेळ, मी तिथून. बसचं झंझट नको."

गेम साधा होता. एक नाव, त्यात दोन माणसं, दोघांकडे एकेक वल्हं. या बेटावरचं सामान त्या बेटावर पोचवायचं. दोघांनी एका लयीत वल्हवलं तर नाव पुढे जाते, नाहीतर जागच्या जागी गरगरते. आमची गरगरायची. मला ऐन वेळी डावं-उजवं समजायचं नाही, म्हणून लेकीनं युक्ती काढली. माझं घड्याळ डाव्या हाताला असतं. खडक दिसला की ती हेडफोनमधून कानात ओरडायची, "घड्याळाकडे, आई! घड्याळाकडे!" मीही तेच मोठ्यानं म्हणत वल्हवायचे. आमचे हे पेपर खाली करून एकदा विचारते झाले, "अगं, एवढी घाई कसली? किती वाजले?"

पण खरी मजा वल्हवण्यात नव्हती. माझ्या लेकीला समोर बसवून काही विचारलं तर 'सगळं ठीक' यापलीकडे तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. हातात वल्हं दिलं की बोलायची. डोळे पडद्यावर, बोटं कामात, आणि तोंड सुटलेलं. तिचा साहेब कसा घुमा आहे, मैत्रिणीशी का बिनसलं, एक मुलगा होता आणि आता तो नाही, हे सगळं मला त्या नावेत कळलं. तोंडावर सांगितलं असतं तर मी चार शहाणपणाचे शब्द ऐकवले असते. नावेत मला खडक चुकवायचे असायचे, त्यामुळे मी नुसतं "हं" म्हणायचे. बहुतेक म्हणूनच ती सांगत राहिली.

जर्मनीला जायचंही तिनं तिथेच सांगितलं. मी नाव सरळ खडकावर घातली. त्या वेळी मात्र ती घड्याळाकडे म्हणाली नाही.

गेल्यावर पहिले काही महिने आमचा रविवार टिकला. माझी संध्याकाळ, तिची दुपार. मग तिचं कधी कुणाकडे जेवण, कधी कपडे धुवायचे राहिलेले, कधी नुसताच कंटाळा. दिवाळीनंतर नाव धक्क्याला बांधली ती बांधलीच. फोन यायचा, नाही असं नाही. "जेवलीस?" "हो. तू?" "झालं." मग बाबांचा गुडघा, तिकडची थंडी, आणि संपलं. मला तिची फार आठवण यायची आणि फोनवर ती आणखीनच यायची. हे तिला कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

अशात तिनं एक लिंक पाठवली. त्या नावेच्या गेमचा दुसरा भाग येत होता. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, "हे बघ!" त्या उद्गारचिन्हावर मी दोन दिवस खूश होते.

लिंक उघडली तर दोन आवृत्त्या. साधी आणि डिलक्स. डिलक्समध्ये दोन पिवळे रेनकोट, नावेला निळा रंग, नावेत बसणारं एक कुत्रं, चित्रांचं पुस्तक, गेमचं संगीत आणि सीझन पास. खरेदीवालीच्या नजरेनं पाहिलं तर सगळा रद्दी माल. रेनकोट घातला म्हणून नाव जोरात जाणार नव्हती. नावेचा जुना उडालेला रंगच मला आवडायचा. ते संगीत घरात वाजलं असतं तर आमचे हे देवळात जाऊन बसले असते. कुत्र्याचा थोडा मोह झाला, खोटं कशाला बोलू. सीझन पास म्हणजे मला वाटलं आपल्या बसचा महिन्याचा पास, तो दाखवला की कुठल्याही बेटावर कितीही वेळा जाता येत असेल.

हे मी ऑफिसात अकाउंट्सला बसणाऱ्या मुलीला विचारलं. ती निपाणीकडची, स्वतः भरपूर गेम खेळणारी. ती इतकी हसली की तिला चहाचा ठसका लागला.

"पास तसला न्हाई अक्का," ती डोळे पुसत म्हणाली. "पुढं नवीन बेटं काढतील ती त्या पासावर मिळतात. घेऊ नका हो डिलक्स. कपडे तेवढे बदलतात, गेम त्योच असतोय. नंतर सगळं स्वस्तात मिळतंय."

"आणि हे खाली काय लिहिलंय, लवकर प्रवेश?"

"ते व्हय? गेम मंगळवारी येतोय. डिलक्सवाल्यांना आदल्या शनिवारीच सुरू करता येतंय. पण दोघांनी खेळायचं तर दोघांकडं डिलक्स पाहिजे बघा."

मी जागेवर येऊन बसले, पण कामात लक्ष लागेना. मंगळवारी लेक ऑफिसात असणार, बुधवारी थकलेली असणार, आणि पुढच्या रविवारपर्यंत ते उद्गारचिन्ह विरून जाणार. पण शनिवारी सकाळी नवा गेम हातात पडला तर शनिवार-रविवार ती माझ्याबरोबर नावेत बसेल. नवी बेटं, नवे खडक, आणि कानात तिचा आवाज. कुत्रं, रेनकोट, चित्रं हा सगळा देखावा होता. मला विकत हवे होते ते तिचे दोन दिवस.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. म्हटलं, सगळा कोसरूचा खेळ आहे, वस्तू तीच, वर थोडं जास्तीचं.

"पैसे देऊन घेतला तर तो कोसरू कसला?" हे पेपरमागून म्हणाले. आणि क्रीडा पानाकडे वळले. माणूस दिवसातून एकच वाक्य बोलतो आणि नेमकं ते बोलतो.

त्यावर मला लेकीचं लहानपण आठवलं. झोपताना तिला राजाची गोष्ट लागायची. गोष्ट संपली, राजा-राणी सुखानं राहू लागले की ती पांघरुणातून हात बाहेर काढायची, बाजारात आजी पिशवी पुढे करायची तसा. "आई, कोसरू!" मग मी संपलेल्या गोष्टीला एक चिमूट जोडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा उठला, राजानं दात घासले, राजानं अवलक्की, म्हणजे पोहे, खाल्ली. राजाला कुठल्याच गोष्टीत न्याहारी मिळत नाही, ती आमच्या घरी मिळायची. ती म्हणायची, "आणखी!" मी दिवा घालवत म्हणायचे, "कोसरू एवढाच असतो." गोष्टीपेक्षा तिला ती न्याहारीच जास्त आवडायची, आणि मलाही.

मी दोन डिलक्स निवडल्या, एक माझी आणि एक तिला भेट. मग काढून टाकल्या. पुन्हा निवडल्या. भेट पाठवली असती तर तिला नाही म्हणता आलं नसतं, आणि नाही म्हणता येत नाही म्हणून नावेत बसलेली लेक मला नको होती. भाजीवालीकडे हात पसरायला मला कधी लाज वाटली नाही. पोटच्या पोरीकडे वेळ मागायची मात्र वाटत होती. शेवटी रविवारी फोनवर मनाचा हिय्या केला आणि म्हटलं, "अगं, ते डिलक्स घेऊ या का दोघी? शनिवारपासूनच खेळता येईल."

"अं," ती म्हणाली. त्या 'अं'मध्येच मला उत्तर कळलं.

"आई, त्या शनिवारी आम्ही सगळे डोंगरात चाललोय. आधीच ठरलंय गं. मी साधीच घेईन, बघू, पुढच्या महिन्यात वगैरे." मग घाईघाईनं म्हणाली, "पण तू घे ना! तू सुरू कर. एकटं असलं तर दुसरं वल्हं कॉम्प्युटर मारतो. आणि पुढे काय होतं ते मला सांग."

"बरं, सरी," मी मराठीत आणि कानडीतही हो म्हटलं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिथं तिला माणसं मिळाली आहेत, डोंगर चढायला सोबत मिळाली आहे, याच्यासाठीच मी देवाला नारळ वाढवला होता. तरी मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझ्या डोळ्यांपुढे तो दुसरा पिवळा रेनकोट आला, लयीत वल्हं मारणारा, एकदाही न चुकणारा, आणि आत कुणी नसलेला.

मग बाबांचा गुडघा झाला. तिकडची थंडी झाली.

"चल, ठेवते मग," ती म्हणाली.

"हो, ठेव." आणि मग माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. "अगं, कोसरू?"

पलीकडून तिचं हसू ऐकू आलं, आणि हसून झाल्यावर एक श्वास.

"दुसऱ्या दिवशी सकाळी राजा उठला," ती म्हणाली. "राजानं फ्रिज उघडला. अंडी संपली होती."

"मग?"

"मग राजानं कालचा ब्रेड खाल्ला. उभ्यानंच. राजाच्या घरात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर धुतलेले कपडे पडलेत." मग म्हणाली, "राजाला ऑफिसात सगळे चांगले आहेत. पण कुणी मराठी बोलत नाही. मग राजा भांडी घासताना एकटाच बोलतो."

मी "हं" म्हटलं. खडक चुकवताना म्हणायचे तसंच.

"काल बोलता बोलता राजा म्हणाला, घड्याळाकडे. उगीचच. सिंकमध्ये कप डावीकडे ठेवायचा होता."

मी म्हटलं, "आणखी?"

"आई," लेक म्हणाली, "कोसरू एवढाच असतो."

डिलक्स घेतली नाही. साधी घेतली आणि मंगळवारी ऑफिसातून आल्यावर लावली. नाव तीच होती, रंग उडालेली. सुरुवातीलाच गेमनं विचारलं, दुसरं वल्हं कोणाकडे? खाली दोन पर्याय होते. एक कॉम्प्युटर, दुसरा 'सोबत्याची वाट पाहा'. मी दुसरा दाबला. नाव धक्क्याजवळ नुसती हलत राहिली, माझं माणूस एका बाजूला बसलेलं आणि दुसरी जागा रिकामी. टीव्ही बंद करावासा वाटेना. येताना भाजीवालीनं कोसरू म्हणून मूठभर अवरेकाई घातली होती, त्या शेंगा घेऊन मी तिथंच समोर सोलत बसले.